पोरींची रग्बी टीम पहिल्यांदा स्पर्धेला नेताय? मग हे आधी वाचा

साताऱ्यात करंज्याला माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश, पिको-फॉल. रग्बीशी माझं नातं जुळलं ते एका फाटक्या खांद्यामुळे. थोरलीनं कबड्डी सोडून रग्बी धरली आणि पहिल्याच आठवड्यात जर्सी खांद्यापासून काखेपर्यंत उसवून घरी आली. मी शिवून दिली. मग तिच्या टीममधल्या बाकीच्या पोरी आपापल्या जर्सी घेऊन दुकानाच्या पायरीवर बसायला लागल्या. एका संध्याकाळी कोच सरच आले. म्हणाले, "ताई, पुण्याला सोळा वर्षांखालच्या मुलींची क्लब स्पर्धा आहे. पोरींबरोबर एक बाईमाणूस पाहिजे. मॅनेजर म्हणून येता का?"

मॅनेजरनं काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. नंतर कळलं, सरांनाही नव्हतं.

आत्तापर्यंत तीनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला चुकण्यासारखं जे जे होतं ते सगळं चुकलं, म्हणून हे लिहितेय. कराड, वाई, फलटण, कोरेगावकडून कुणी पोरींना पहिल्यांदा नेत असेल तर निदान आमच्याच चुका परत करू नका, नवीन करा.

आधी एक हिशेब डोक्यात पक्का बसवा. या स्पर्धा बहुतेक सेव्हन्सच्या असतात, म्हणजे मैदानात एका बाजूला ७ जणी. ७ मिनिटांचे दोन भाग, मधे २ मिनिटं विश्रांती. चहा गाळून कपात ओतेपर्यंत पहिला भाग संपलेला असतो. दिवसाला असे तीन-चार सामने. म्हणजे पहाटे साडेचारला निघून रात्री दहाला घरी येणारी पोर खेळते जेमतेम पाऊण-एक तास. तेवढा तास कोचचा. बाकीचा अख्खा दिवस तुमचा, आणि पोरी त्या तासात कशा पळतात ते या बाकीच्या दिवसावर ठरतं.

कागद

जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, दोन फोटो, पालकांचं संमतीपत्र, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. कुठली स्पर्धा यातलं काय मागेल सांगता येत नाही, म्हणून सगळं न्या. मूळ प्रती आणि झेरॉक्स दोन्ही.

महत्त्वाचं म्हणजे हे कागद महिनाभर आधी समोरासमोर ठेवून तारखा जुळवा. आमच्या एका पोरीच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. तारीख नक्की सांगता आली नसेल तेव्हा टाकतात तशी टाकलेली. शाळेच्या दाखल्यावर तीच पोर सात महिन्यांनी लहान. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसानं आधार धरलं आणि ती वयात बसेना. बिचारी दिवसभर बाटल्या भरत बसली. रडली नाही, पण परतीच्या वाटेवर शिरवळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलली नाही. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी. मी कागद गोळा केले, वाचले नाहीत.

फाइलमध्ये कागद नावाप्रमाणे लावू नका, जर्सीच्या नंबराप्रमाणे लावा. टेबलावर, मैदानात, दवाखान्यात, सगळीकडे पोर नंबरानं ओळखली जाते. फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर प्रत्येकीच्या घरचे दोन फोन नंबर, रक्तगट आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का ते लिहा. आमच्यातल्या एकीला दमा आहे. तिचा पंप माझ्या कमरेच्या पाकिटात असतो, तिच्या बॅगेत नाही. बॅग कुठे असते ते त्या पोरीलाच माहीत नसतं.

संमतीपत्रावर सही घ्यायला घरी जा. वहीतून पाठवलेल्या कागदावर आई सही करते आणि बापाला स्पर्धेच्या आदल्या रात्री कळतं, मग गोंधळ. एका घरी वडील म्हणाले, "कबड्डी ठीक आहे वहिनी, पण हे हेल्मेट घालून धडका मारायचं काय?" तो खेळ अमेरिकेतला, यात हेल्मेट नसतं, हे सांगण्यात अर्धा तास गेला. "मग लागत नाही का?" असं विचारतील. खरं सांगा. लागतं. काय काळजी घेतो तेही सांगा. मी चेंडू बरोबर नेते आणि आजीच्या हातात देते. अंड्यासारखा चेंडू बघून आजी हसली की निम्मं काम झालं.

दात, नाक, कान, पाय

माउथगार्ड म्हणजे दातांवर बसवायचा रबरासारखा साचा. खेळाच्या दुकानात मिळतो. गरम पाण्यात मऊ करायचा आणि चावून आपल्या दातांच्या मापाचा करायचा. आम्ही पहिल्या खेपेला ते पाकीट मैदानावरच फोडलं. गरम पाणी कुठून आणणार? चहावाल्याकडून आणलं, तोवर ते कोमट. निम्म्या पोरींचे माउथगार्ड पळताना तोंडातून पडत होते, मातीत लोळत होते, परत तोंडात जात होते. बघवत नव्हतं.

आता हे काम स्पर्धेच्या दोन आठवडे आधी माझ्या स्वयंपाकघरात होतं. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद. पाकिटावर लिहिलेत तेवढे सेकंद मोबाइलवर लावायचे. झाऱ्यानं बाहेर काढायचं, एकदा गार पाण्यातून फिरवायचं, तोंडात घालून गच्च चावायचं आणि बोटांनी बाहेरून ओठ दाबून जीभ टाळ्याला लावून चोखायचं. एकीचं माउथगार्ड बोलता बोलता पातेल्यात राहिलं आणि त्याची कुर्डई झाली. एक जादा आणून ठेवा. ज्या पोरीच्या दातांना तारा लावल्यात तिला दाताच्या डॉक्टरांकडे पाठवा, हे घरचे उद्योग तिच्यासाठी नाहीत. मग दोन आठवडे रोजच्या सरावात घालायचं. सुरुवातीला उमळतं, बोलता येत नाही, लाळ गळते. हे सगळं सातारच्या मैदानावर होऊन जाऊ दे.

दागिना एकही चालत नाही. कानातलं, बांगडी, अंगठी, पैंजण, काही नाही. सामन्याआधी रेफरी स्वतः बघतात. आमचं अडलं ते नाकात. एका पोरीचं नाक पंधरा दिवसांपूर्वीच टोचलेलं आणि चमकी निघेना. वरून चिकटपट्टी लावून चालेल का विचारलं, नाही म्हणाले. बरोबरच आहे, त्यावर कुणाचा हात लागला तर नाकपुडीच फाटायची. शेवटी साबणाचं पाणी लावून तिच्या थोरल्या बहिणीनं काढली. तेव्हापासून नाक टोचायचं असेल तर शेवटची स्पर्धा झाल्यावर, असा आमच्या टीमचा नियमच आहे, आणि आयांना मी तो स्वतः सांगते.

काळा दोरा हे त्याहून नाजूक प्रकरण. पायातला, कमरेचा, गळ्यातला. गळ्यातला तर घालून खेळूच नये, ओढला गेला तर फास बसतो. पण आजीनं नजर लागू नये म्हणून बांधलेला दोरा "काढ" म्हटलं की पोर कावरीबावरी होते. मी काय करते, तो दोरा सोडवून तिच्या शॉर्टच्या नेफ्यात आतून शिवून टाकते. अंगावर राहतो, कुणाच्या हाताला लागत नाही. आजीलाही चालतं, रेफरीलाही चालतं.

केसांच्या दोन घट्ट वेण्या, पिना आणि क्लिपा नाहीत, साधे कापडी रबर. नखं आदल्या दिवशी माझ्यासमोर कापायची. बूट फुटबॉलचे चालतात, पण खालचे स्टड घासून घासून एका बाजूनं धारदार झालेले असतात. हात फिरवून बघा. बोटाला टोचलं तर पॉलिश पेपरनं घासा. नवे बूट स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू देऊ नका. पहिल्या सामन्यानंतर फोड, दुसऱ्यानंतर लंगडणं.

आणि पाळी. बारा पोरी म्हटल्यावर कुणा ना कुणाची असणारच. पॅड, जादा अंतर्वस्त्रं, काळ्या टाइट्सचे दोन जोड मी न विचारता बरोबर ठेवते, आणि कुठल्या पिशवीत आहेत ते सगळ्यांना निघतानाच सांगते. सरांना सांगायची वेळ पोरीवर येता कामा नये. पांढरी शॉर्ट घेऊ नका. दुकानदार स्वस्त देईल, तरी घेऊ नका.

जर्सी

हे माझं खातं, म्हणून जरा लांबण लावते.

छापून मिळणाऱ्या खेळाच्या जर्सीला आतून एकच ओव्हरलॉक, म्हणजे कडेची टाच, मारलेला असतो. क्रिकेटला पुरतो. रग्बीत समोरची पोर मुठीत कापड धरून लोंबकळते. ती टाच पहिल्या दहा मिनिटांत उसवते, आणि कायम एकाच जागी उसवते, काखेच्या मागच्या बाजूला, जिथे चार शिवणी एकत्र येतात. नवी जर्सी आली की मी खांदा, काख आणि बाजू यांवर ओव्हरलॉकच्या आत नायलॉनच्या दोऱ्यानं बारीक झिगझॅग घालते. सरळ टाच घालू नका. कापड ताणतं, दोरा ताणत नाही, मग दोरा तुटतो. काखेत तळहाताएवढी कापडाची कळी बसवली तर हात वर करताना ताणच येत नाही. आमच्या पहिल्या स्पर्धेत पाच जर्सी फाटल्या होत्या. कळी बसवल्यावर दुसरीत एक.

पोरी ढगळ जर्सी मागतात. देऊ नका. अंगाबरोबर बसणारी असावी, धरायला कापड सापडता कामा नये. शॉर्टला खिसे असतील तर शिवून बंद करा. टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला धरून पाडताना, बोट खिशात अडकलं तर बोट मोडतं. कमरेला नाडी हवी, ती आत खोचायची. चेन, बटण, धातूचं काही नको.

समोरची टीमही निळीच निघाली तर? आमच्या बाबतीत हे झालं. वर घालायच्या बिनबाह्यांच्या बनियनचा एक वेगळ्या रंगाचा संच, नंबर टाकून, बरोबर ठेवा. सुई, नायलॉन दोरा, कात्री आणि दोन जादा शॉर्ट माझ्या पिशवीत असतात. दोन सामन्यांमधे मी ताडपत्रीवर बसून शिवत असते. दुसऱ्या टीमचे सर एकदा विचारत आले, "ताई, आमचीही एक शिवून द्याल का?" दिली. पुढचा सामना त्यांच्याशीच होता.

कबड्डीच्या पोरी असतील तर

आपल्याकडे रग्बीला पोरी येतात त्या कबड्डी नाहीतर खो-खोमधून, क्वचित कुस्तीतून. हेल्सिंकीत १९५२ साली कुस्तीचं पदक आणणारे खाशाबा जाधव आपल्या कराडशेजारच्या गोळेश्वरचे. या भागातल्या पोरीला अंगाला अंग भिडण्याची भीती नाही. टॅकल शिकवायला सरांना फार घाम गाळावा लागला नाही. घोटा धरणारी पोर खाली वाकून पायाला मिठी मारते, तेच इथे हवं असतं.

पण एक सवय मोडायला चार महिने गेले. कबड्डीत चढाई करणारी धरली की दम संपेपर्यंत सोडायची नाही. रग्बीत उलटं. पाडलं की सोडायचं, लगेच, आणि बाजूला व्हायचं. पडलेलीनंही चेंडू सोडायचा. आमच्या पोरी पाडून वर बसून राहायच्या. शिट्टी. पेनल्टी. परत तेच. पहिल्या सामन्यात किती पेनल्ट्या गेल्या ते मोजायचं मी सोडून दिलं. सर बाजूनं ओरडत होते, "सोड! अगं सोड!" आणि शेजारच्या टीमचे पालक हसत होते. आता सरावात पोर पाडली की बाकीच्या सगळ्या एका सुरात "सोड" म्हणतात. ते अंगात भिनलंय. परवा घरात धाकटा आणि थोरली रिमोटवरून भांडत होती, मी स्वयंपाकघरातून "सोड" म्हणाले तर थोरलीनं खरंच हात वर केले.

दुसरी सवय पंचाकडे बघून हात वर करून ओरडायची. रग्बीत रेफरीशी बोलायचं ते फक्त कप्तानानं, तेही आवाज न चढवता. त्याचा आम्हाला एकदा भुर्दंड बसला. पिवळं कार्ड मिळालं तर सेव्हन्समध्ये पोर २ मिनिटं बाहेर. २ मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. १४ मिनिटांच्या सामन्यात सहा जणींनी तेवढं मैदान राखायचं म्हणजे समोरच्यांना वाट मोकळी. मैदान एका बाजूला पंधरा जणी खेळतात त्या मोठ्या रग्बीचंच असतं, १०० मीटरपर्यंत लांब.

तिसरी गोष्ट हसण्यासारखी. कबड्डीत रेषेला हात लागला की काम झालं. रग्बीत रेषा ओलांडून चेंडू जमिनीला टेकवावा लागतो, तेव्हा ट्राय, ५ गुण. आमची सगळ्यात पळणारी पोर पहिल्या सामन्यात सगळ्यांना मागे टाकून रेषेपार गेली आणि चेंडू डोक्यावर धरून नाचायला लागली. नाचत नाचत मागच्या रेषेबाहेर गेली. शून्य. आता ती टेकवते, आणि टेकवण्याआधी जमेल तेवढी खांबांच्या मध्याकडे वळते. कारण नंतरची किक, २ गुणांची, जिथे टेकवलं त्याच्या समोरूनच मारायची असते. सेव्हन्समध्ये ती चेंडू जमिनीवर टाकून, उसळताना मारायची. कोपऱ्यातून ती बसणं अवघड.

आणि हे पोरींना आधी सांगा: सेव्हन्समध्ये जी टीम गुण करते तीच पुन्हा किक मारून खेळ सुरू करते. आमच्या पोरी ट्राय केल्यावर गळ्यात गळे घालून उभ्या आणि रेफरी वाट बघतायत.

प्रवास आणि डबा

एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते, पण पंधरा माणसांसाठी ती मोठी पडते. आम्ही सतरा सीटरची गाडी करतो. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच जा. सातारा ते पुणे अंतर ११० किलोमीटरच्या आसपास, म्हणून "पहाटे निघू, पोहोचू" असं वाटतं. पोहोचतो. पण तीन वाजता उठलेली पोर दुपारच्या सामन्यात झोपेत पळते. मुक्कामाची सोय सांगणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: मुलींसाठी संडास किती, आणि त्यांना आतून कडी आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर "बघून सांगतो" असं आलं तर कुलूप-साखळी आणि एक जादा बाई बरोबर न्या.

पहिल्या खेपेला आम्ही खेड शिवापूरच्या अलीकडे वडापाव खायला थांबलो. पोरी खुशीत. त्यावर मिरची, त्यावर गोड चहा. पहिला सामना नऊला. मध्यंतराला आमची स्क्रममधली, म्हणजे दोन्हीकडच्या पोरी वाकून खांदे भिडवून रेटतात त्यातली, दांडगी पोर बाजूला येऊन भडाभडा ओकली. तिच्या जागी जी गेली तिला स्क्रमचा सराव नव्हता.

आता असं करते. पहिल्या सामन्याच्या तीन तास आधी पोटभर: गूळ-तूप-चपाती नाहीतर कमी तेलाचे पोहे. मग सामन्यांच्या मधे थोडं थोडं: अर्धं केळं, राजगिऱ्याची वडी, दोन खजूर. दोन-अडीच तासांची मोकळीक असेल तरच दहीभात, तोही चार घास. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घरूनच करून नेते, घोट घोट प्यायचं. तहान लागली म्हणून बाटली रिकामी करून मैदानात उतरलेली पोर पोटात कळ येऊन वाकते. शेवटचा सामना झाला की मात्र बंधन नाही. डब्यातली भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. गेल्या वेळी मुंबईकडच्या एका टीमच्या पोरी आमच्या ताडपत्रीवर येऊन बसल्या आणि ठेच्यानं त्यांच्या डोळ्यातून पाणी काढलं.

मोती चौकातून एक किलो कंदी पेढे न्यावेत. समोरच्या टीमला, रेफरींना, टेबलावरच्या माणसाला. लाच नव्हे, सामने झाल्यावर वाटायचे.

बर्फ. थर्माकोलचा डबा हवा. मी पहिल्यांदा मासेवाल्याकडून फुकट आणला. धुतला, उन्हात ठेवला, तरी दिवसभर पोरींच्या गुडघ्यांना बोंबलाचा वास येत होता. विकत घ्या.

मैदानावर

पोहोचल्यावर पहिलं काम सावली धरणं. ताडपत्री खाली, आणि वर दोन जुन्या साड्या. मी साड्यांच्या काठाला नाड्या शिवून ठेवल्यात. कुंपणाला बांधल्या की एक सावलीला आणि एक कपडे बदलायच्या आडोशाला. तिसरी असेल तर उत्तम.

वेळापत्रकाचा फोटो काढून गप्प बसू नका. वेळ पुढे जाते तशी मागेही येते. एखादी टीम आलीच नाही की तुमचा सामना वीस मिनिटं आधी लागतो. दर अर्ध्या तासाला टेबलापाशी चक्कर मारा. सामन्याच्या पंचवीस मिनिटं आधी पोरी उठवायच्या, अंग गरम करायचं. दोन तास ताडपत्रीवर लोळलेली पोर थेट मैदानात गेली तर मांडी धरून बसते. मोबाइल माझ्याकडे एका पिशवीत. यावरून रुसवे-फुगवे होतात, होऊ द्या.

पालक आले असतील तर त्यांना एकच गोष्ट आधी समजावा. पहिल्या फेरीत हरलं म्हणजे स्पर्धा संपली असं नसतं. गटात बहुधा विजयाला ३, बरोबरीला २, हरलं तरी १ गुण असतो, आणि गुणफरकही धरतात. खाली राहिलेल्या टीमसाठी प्लेट म्हणून वेगळी लढत असते. त्यामुळे ०–३० असताना शेवटच्या मिनिटाला केलेला एक ट्राय पुढे उपयोगी पडू शकतो. आमचे एक काका दुसरा सामना हरल्यावर पोरीला घेऊन गावी निघाले होते. त्यांना गेटवरून परत आणलं. तिनंच प्लेटच्या सामन्यात आमचा पहिला ट्राय केला.

सामना संपला की दोन्ही टीम रांगा करून टाळ्या वाजवत एकमेकींना जायला वाट देतात. हरल्यावर आमच्या पोरी माना खाली घालून चालायला लागल्या होत्या, समोरच्यांची रांग रिकामीच टाळ्या वाजवत उभी. सातारला असतानाच हे करून घ्या.

डोक्याला लागलं तर

इथे गंमत नाही.

दुसऱ्या स्पर्धेत आमच्या नऊ नंबरचं डोकं टॅकल करताना समोरचीच्या गुडघ्यावर आदळलं. लगेच उठली. जर्सी झटकली, जागेवर जाऊन उभी राहिली. सरांना वाटलं ठीक आहे. मला वाटलं नाही, कारण ती चुकीच्या बाजूला तोंड करून उभी होती. मी सरांना सांगितलं, सरांनी रेफरीला, आणि ती बाहेर आली. मला विचारते, "काकू, पहिला हाफ चालूय का?" दुसरा चालू होता. मिनिटभरानं परत तेच विचारलं.

नियम सोपा आहे, जगभर तोच आहे: शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. बेशुद्ध पडायलाच हवं असं काही नाही. शून्यात बघणं, तेच तेच विचारणं, तोल जाणं, डोकं दुखणं, मळमळ, उजेड सहन न होणं, उगाच रडणं किंवा चिडणं, यातलं एकही पुरे. मानेत दुखतंय किंवा हातापायाला मुंग्या येतायत म्हणाली तर तिला हलवायचं नाही, उचलायचं नाही, तिथेच ठेवून डॉक्टर बोलवायचे. उलट्या, वाढती डोकेदुखी, सुस्ती, बोलताना जीभ जड, असं काही दिसलं तर थेट दवाखाना, स्पर्धेचं काय व्हायचं ते होऊ दे. तिला एकटीला सोडायचं नाही, संडासलासुद्धा.

अवघड जातं ते हे नाही. अवघड जातं ते पाच मिनिटांनी पोर म्हणते, "मी बरी आहे काकू, मला जाऊ द्या." आणि बाहेर बदली खेळाडू उरलेली नसते, आणि तिचे वडील टचलाइनवरून म्हणतात, "म्हणतेय ना ती बरी आहे." मी काही वाद घातला नाही. तिच्या उजव्या पायातला बूट काढला आणि माझ्या शिलाईच्या पिशवीत टाकून चेन लावली. एका बुटावर कुणी मैदानात जात नाही. सहा जणी खेळल्या. हरलो.

मैदानावरच्या डॉक्टरांनी तपासलं, पुण्यातल्या दवाखान्यात नेलं, संध्याकाळी सोडलं. रात्री काय बघायचं ते तिच्या आईला मी फोनवर सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं.

परतल्यावर जर्सी त्याच रात्री गार पाण्यात भिजत घाला, मातीचे डाग सकाळी निघत नाहीत. माउथगार्ड धुऊन, सुकवून डबीत. डबीवर नंबर. मुका मार लागलेल्या पोरींना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदा फोन करा. मार दुसऱ्या दिवशी बोलतो. खर्चाचा हिशेब ग्रुपवर टाका, सुट्ट्या पैशांसकट.

सोमवारी दुपारी नऊ नंबर आईला घेऊन दुकानात आली. बूट घ्यायला. रविवारी ती सरांच्या चपला घालून घरी गेली होती आणि बूट माझ्याच पिशवीत राहिला होता, दोऱ्याच्या रिळांमध्ये. मी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, भिंतीवरच्या कालनिर्णयावर २१ दिवस मोजले, आणि गिऱ्हाइकाच्या कपड्याला टाचते तशी तारखेची पावती बुटाच्या नाडीला टाचली. त्या तारखेआधी टॅकलचा सराव नाही, त्यानंतरही डॉक्टर हो म्हणाले तरच. पोर म्हणाली, "काकू, मग बूट आत्ता तरी द्या." मी म्हटलं, तारीख वाच. शिवायला दिलेला कपडाही मी तारखेआधी देत नाही. बूट मशीनशेजारच्या खणात ठेवून दिला.